पोत्यावर न छापलेला धूर

माझ्या अंगावरची निळी अक्षरं पुसट झाली आहेत, मित्रांनो, पण माझा राग अजून जसाच्या तसा आहे. मी युरियाचं एक जुनं पोतं आहे.

प्लास्टिकच्या पट्ट्या विणून मला शिवलं गेलं. माझ्यावर वजन छापलं, किंमत छापली, 'हूक लावू नका' असंही छापलं. आतलं खत बनवताना चिमणीतून किती धूर गेला, तेवढं मात्र कुणी छापलं नाही.

औसा तालुक्यात धुरपताबाईंनी मला ज्वारीच्या रानात रिकामं केलं. त्याच वर्षी, १९९३ साली, भूकंप झाला. त्यांचं घर पडलं. पत्र्याच्या शेडमध्ये आडोसा नव्हता, म्हणून त्यांनी मला आणखी पाच पोत्यांशी जोडून पडदा शिवला. दोन वर्षं बायाबापड्या माझ्याआड न्हाल्या. पुढे पक्कं घर झालं, पडदा उसवला आणि माझी रवानगी पेटीच्या तळाशी झाली.

बऱ्याच वर्षांनी त्यांची नात लुंबिनी लातूरला क्लाससाठी आली, ती पुस्तकं माझ्यात भरूनच. तोवर तिथे गल्लोगल्ली क्लास झाले होते. दर परीक्षेनंतर भिंतीवर यादी लागायची आणि मुलांच्या तुकड्या बदलायच्या. डॉक्टर व्हायचं तर पहिली तुकडी सोडायची नाही, हे लुंबिनीने मनाशी पक्कं केलं होतं.

एकदा विरूपाक्ष सरांनी तक्ता करायला दिला. त्याचे गुण यादीत धरणार होते. विषय होता, 'भारत की चीन: कुठला शेतकरी हवा जास्त बिघडवतो?' लुंबिनीने वाचून वाचून लिहिलं, की भारतात युरिया बहुतेक नैसर्गिक वायूपासून होतो, चीनमध्ये बहुतेक कोळशापासून. आणि तेवढ्याच खतासाठी कोळशाच्या भट्टीतून जवळपास दुप्पट कार्बन हवेत जातो. खाली ठळक ओळ होती: 'हा धूर पोतं शेतात पोचण्याआधीचा आहे.' शेजारी तिने मला टांगलं.

सर म्हणाले, "उत्तर एका शब्दात पाहिजे. भारत किंवा चीन. कारखाना पर्यायातच नाही."

"सर, मग प्रश्नच चुकलाय."

"प्रश्न चुकत नसतो. ही ओळ खोड, नाहीतर पहिली तुकडी विसर."

बघा मित्रांनो! भट्टी पेटवणारा नामानिराळा, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

डबा घेऊन आलेल्या धुरपताबाई दारातून हे ऐकत होत्या. त्या पुढे झाल्या.

"सर, शेजाऱ्यापरीस पीक हिरवं दिसावं म्हणून म्या मूठभर खत जास्तच टाकते, व्हय. त्येनंबी हवा बिघडती, असं ही पोरगी सांगती. तेवढं माझ्या नावावर लिवा. पर भट्टी म्या न्हाई पेटवली."

लुंबिनीने पेन उचललं. सरांना वाटलं, आता ओळ खोडते. तिने ओळ तशीच ठेवली आणि खाली लिहिलं, 'शेतात जास्त पडलेल्या खतातूनही वायू सुटतो. तो आमचा.'

सोमवारी यादी लागली. लुंबिनी तिसऱ्या तुकडीत. तिथे बाकं अपुरी, म्हणून मला जमिनीवर अंथरून ती रोज सगळ्यांच्या पुढे बसते. ती एकदाच रडली, पण मला ते अजून सलतं.

मित्रांनो, खत बेतानंच टाकायला हवं. शेतकऱ्याला मूठ आवरायला खुशाल सांगा. पण आधी तक्त्यावर भट्टीवाल्याचं नाव लिहा. माझ्या धुरपताबाईंनी आपलं नाव स्वतःहून सांगितलं आहे.