न टाकलेलं मीठ

कमळाकरला कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय जेवण पचत नसे, आणि जेवायला तो रोज कौसाबाईच्या खानावळीत. म्हणजे सगळ्यात जास्त छळ कुणाचा व्हायचा ते वेगळं सांगायला नको.

उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पात, जीन्सच्या कारखान्यांच्या गल्लीत ही खानावळ. दुपारी एकला शिलाई मशीनी बंद झाल्या की चाळीस-पन्नास माणसं एकदम आत. अंबरनाथ लाइनची शेअर रिक्षा कोपऱ्यावर लावून कमळाकरही त्यांच्यात. वय अठ्ठेचाळीस, अक्कल बारा वर्षांची, असं कौसाबाई त्याच्या तोंडावर म्हणायची. एका गुरुवारी त्याने बाहेरच्या पाटीवर खडूने ‘आज मटण’ लिहून ठेवलं. वरणभात बघून लोकांनी जो गोंधळ घातला, तो आठवून तो महिनाभर एकटाच हसत रिक्षा चालवायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायाची दोन नखं पिवळी पडली, जाड झाली, भुगा निघायला लागला. बायको मागे लागली म्हणून तो बदलापूरला एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. बाईंनी नखाचा तुकडा तपासायला पाठवला. बुरशी निघाली. मग म्हणाल्या, रक्त द्या, लिव्हर बघायचंय.

“मॅडम, नख पायाला, आणि लिव्हर कशाला?”

“गोळी पोटातून जाते. लिव्हरला झेपणार असेल तरच देईन. कावीळ झाली होती कधी? दुसऱ्या गोळ्या चालू आहेत? दारू?”

दारूच्या प्रश्नाला कमळाकरला खोकला आला. बाईंनी तीन महिने एक थेंबसुद्धा नाही म्हणून बजावलं. वर हेही सांगितलं, की तोंडाची चव गेली, मळमळ सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, तर गोळी तिथेच बंद करायची आणि त्याच दिवशी यायचं. त्याने सगळं शिस्तीत केलं. वर्षभरात नखं अशी आली, की तो बुटांऐवजी सँडल घालायला लागला.

मग काय, एक दिवस खानावळीच्या बाकड्यावर पाय वर घेऊन बसला.

“मावशी, बघ. याला पाय म्हणतात. तुझ्या अंगठ्याच्या नखावर तर नारळ फुटेल.”

“पाय खाली घे मेल्या, लोका जेवतात.”

“मी घेतो गं. पण मेमध्ये तुझ्या हितेशचं लग्न. तू वरमाय. मुलीकडचे तुझे पाय धुवायला बसणार, व्हिडिओवाला झूम मारणार. विहीणबाई तांब्या टाकून पळाल्या तर?”

सगळी खानावळ हसली. कौसाबाईही हसली, पण हसता हसता तिने पाय स्टुलाखाली ओढून घेतले. कमळाकरने ते पाहिलं. पाहून आणखी एक टोमणा मारला.

दुसऱ्या दिवशी तिने त्याला मोरीकडे बोलावलं. “कमळ्या, ती तुझी गोळी मना पण आणून दे.”

तिची मुलगी उन्नती भांडी पुसत होती. ती म्हणाली, “आई, आधी डॉक्टरला दाखव ना.”

“बदलापूरला जायाचा म्हणजे दिवस गेला. जेवाण कोण करंल?”

“आणि मामा, तुमची तर ब्लड टेस्ट केली होती.”

“अगं, केली म्हणूनच सांगतो!” कमळाकर म्हणाला. “टेस्ट एकदम क्लीन. वापरून बघितलेला माल आहे.”

जुनी रिक्षा विकावी तसा बोलला. मायलेकी हसल्या. त्याने आपल्या चिठ्ठीची झेरॉक्स काढली, ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणल्या आणि चिठ्ठीसकट उन्नतीच्या हातात ठेवल्या. रोज एक, जेवल्यावर, एवढंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळ्यात आधी जे विचारलं होतं, ते त्याने कौसाबाईला विचारलंच नाही.

पाचव्या आठवड्यात एक दिवस कोलंबीचं कालवण इतकं खारट झालं, की पहिल्या घासाला माणसं पाण्याकडे धावली. मग सगळ्या माना दाराकडे वळल्या. कमळाकर नुकताच आत येत होता, रिक्षाची चावी अजून बोटात.

“कमळ्या! भडव्या, काय केलंस?”

त्याने काहीच केलं नव्हतं. तो सकाळपासून इकडे फिरकलाही नव्हता. पण एवढी खानावळ आपलं नाव घेऊन ओरडतेय, हे आयतं चालून आलेलं सोडवेना. छातीवर हात ठेवून तो वाकला. “आवडलं का मंडळी?”

कौसाबाई पळी घेऊन बाहेर आली. “तू टाकलास मीठ?”

“मग कोण? तुझा हात चुकणार आहे का?”

 ती पळी उगारून अशी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या दहा दिवसांत हे आणखी दोनदा झालं. एकदा डाळ अळणी, एकदा भाजी खारट. दोन्ही वेळा कमळाकरने मान डोलावली. शेवटच्या वेळी, वाकता वाकता, डॉक्टरीणबाईंचा ‘चव’ हा शब्द त्याच्या कानात वाजला. वाजला, हे तो नंतर स्वतःशीही नाकारू शकला नाही. पण माणसं टाळ्या वाजवत होती.

सातव्या आठवड्यात सकाळीच उन्नतीचा फोन आला. “मामा, आई उठत नाहीये. डोळे पिवळेजर्द झालेत.”

त्याने रस्त्यात एकही पॅसेंजर न घेता दोघींना हॉस्पिटलात नेलं. कुठल्या गोळ्या चालू होत्या, असं डॉक्टरने विचारलं. उन्नतीने पर्समधून झेरॉक्स काढून दिली.

“कमळाकर कोण?”

“मी.”

“आणि पेशंट?”

कमळाकरने कौसाबाईकडे बोट दाखवलं.

“यांना आधी कधी कावीळ झाली होती?”

“मी लहान असताना,” उन्नती म्हणाली. “दोन महिने अंथरुणात होती.”

कौसाबाई तीन आठवडे ॲडमिट होती. लिव्हर हळूहळू सावरलं. हितेशचं लग्न त्यातच उरकलं. वरमायेच्या जागी चुलती बसली आणि पाय तिचे धुतले. हॉस्पिटलात नखही तपासलं. त्यात बुरशी नव्हतीच. वर्षानुवर्षं उभं राहून आणि घट्ट चपला घालून जाड झालेली नखं होती ती. गोळीला तिथे कामच नव्हतं.

जूनमध्ये खानावळ पुन्हा सुरू झाली. टोपापाशी आता उन्नती असते. कौसाबाई बाहेर पायरीवर लसूण सोलत बसते. चव अजून आलेली नाही. येईल, वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणतात. काहींना फार लागतो.

कमळाकर चार दिवस समोरून नुसता ये-जा करत होता. पाचव्या दिवशी तिच्या शेजारी टेकला.

“मावशी, ते मीठ मी नव्हतं टाकलं.”

“ठाव हाय. हॉस्पिटलात पडून पडून समजला.” तिचे हात थांबले नाहीत. “मीच टाकला होता. दोनदा टाकला तरी जिभेला लागंना, म्हणून तिसऱ्यांदा टाकला. लय भ्याले होते रे त्या दिवशी. म्हटला, दुपारची गर्दी सरली का उन्नतीला सांगते, मना डॉक्टरकडं ने. तवर तू आलास न बोललास, मी टाकला.”

कमळाकरने लसणाची एक पाकळी उचलली आणि सोलायला घेतली.

“इतका बरा वाटला मना, कमळ्या. म्हटला, माझी जीभ शाबूत हाय. ह्यो मेलाच नालायक.”

आतून कुणीतरी ओरडलं, “कमळ्या, आज काय टाकलंस रे?” आणि हशा पिकला.

कौसाबाईने सोललेला लसूण ताटलीत ढकलला. “जा, जेवून घे. कोलंबी हाय. बरी झालीय म्हणतात.”

तो उठला नाही.