चाच्यांना शरण गेलेले प्लंबर

ज्या माणसाचा जन्म दुसऱ्यांच्या तुंबलेल्या मोऱ्या मोकळ्या करण्यात गेला, त्याचीच अन्ननलिका तुंबावी, यात देवाने बराच विचार केला असावा असं आजोबांचं मत होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. अन्ननलिका पोटाला मिळते तिथे एक झडप असते, ती वेळेवर उघडत नाही, म्हणून घास वरच अडकून बसतो. आजोबांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "खालचा वॉल्व्ह जाम झालाय, एवढं सांगा की. आम्ही अशा वेळी तार घालतो."

"आम्ही फुगा घालतो," डॉक्टर म्हणाले.

फुगा घालून झडप ताणून झाली. थोडे दिवस बरे गेले, मग झडप पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर आली. आता पुढच्या महिन्यात ऑपरेशन ठरलं होतं. तोवर घास खाली उतरवायची आजोबांची एक स्वतःची युक्ती होती. बारीक घास घ्यायचा, तोंडात त्याचा पार भुगा होईपर्यंत चावायचा, वर पाणी ओतायचं, मग उभं राहून दोन्ही हात सरळ आभाळाकडे न्यायचे, छाती पुढे काढायची आणि चवड्यांवर चढायचं. नशिबात असलं तर आतून 'बुळुक' असा आवाज येई आणि घास मार्गी लागे. नसलं तर तो आल्या वाटेने परत फिरे, आणि त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसांसमोर करू नये.

म्हणून गेलं वर्षभर आजोबा सामानाच्या खोलीत जेवत. तिथे पाइपांचे तुकडे, जुने नळ, वॉशरचे डबे आणि एक स्टूल होतं. दार आतून लावलेलं. "तिथला पंखा चांगला आहे," असं ते सांगत. तो पंखा हलताना करकरतो आणि वारा देत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं; पण पंख्यावरून म्हाताऱ्याशी वाद कोण घालणार! एके काळी आजोबांचं जेवण म्हणजे बघण्यासारखा कार्यक्रम असे. आता प्रेक्षक नकोत, एवढीच त्यांची अट होती.

अशात नातीचा वाढदिवस आला. नातीला घरात सगळे भोंगाबाई म्हणत, कारण तिला हळू बोलणं म्हणजे काय ते जन्मापासून ठाऊक नव्हतं. लेक आणि भोंगाबाई वरच्याच मजल्यावर राहत, आणि रोजचं जेवण खाली आजीकडे असे. काय हवं असं विचारल्यावर भोंगाबाईने सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असं सांगितलं, "थीम पार्कात जायचं. चाच्यांच्या जहाजात जेवायचं. आणि आजोबांनी माझ्या शेजारी बसून जेवायचं. नुसतं बसायचं नाही."

"एवढंच ना?" आजोबा म्हणाले. "बसलो म्हणून समज!"

आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना घाम फुटला.

लेकीने फोनवर टेबल राखून ठेवलं. पलीकडच्या बाईने विचारलं की कुणाला खाण्यापिण्याचं काही पथ्य आहे का. लेकीने बाबांकडे पाहिलं. "सांगा ना बाबा. मऊ करून देतात ते."

आजोबांनी फोन आपल्या हातात घेतला. "काही पथ्य नाही. आम्हाला दगडसुद्धा पचतात."

"पचायला आधी पोटात उतरावे लागतात," आजी कपड्यांच्या घड्या करता करता म्हणाली.

पार्कातली सकाळ झकास गेली. नलिका स्वच्छ राहावी म्हणून आजोबांनी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, त्यामुळे अंगात एक हलकेपणा आला होता. त्याला भूक म्हणतात हे त्यांनी मनाला कळू दिलं नाही. भोंगाबाई आईबरोबर उलट्यापालट्या होणाऱ्या गाड्यांत बसून किंचाळत होती. आजोबा खाली बाकावर पिशव्या सांभाळत होते आणि कारंज्याच्या पाण्याला दाब कसा कमी आहे ते आजीला समजावून सांगत होते. प्रत्येक पाळण्याबाहेर पाटी होती: हृदयविकार असलेल्यांनी, पाठदुखी असलेल्यांनी बसू नये. हॉटेलाबाहेर अशी पाटी का लावत नाहीत, असा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. निदान परत फिरायला कारण मिळालं असतं.

चाच्यांचं जहाज म्हणजे एक मोठा अंधारा हॉल होता. मध्ये रंगमंच, त्यावर डोलकाठी, छताला जाळी आणि दोर. वेटर एका डोळ्यावर काळी पट्टी बांधून हिंडत होते आणि त्यामुळे खुर्च्यांना धडकत होते. भोंगाबाईने आजोबांना आपल्या उजव्या हाताला बसवलं, त्यांच्या मांडीवर रुमाल पसरला आणि खुर्ची ओढून अगदी चिकटून बसली. तिला इतका आनंद झाला होता की ती चक्क हळू आवाजात बोलत होती.

एवढ्यात उंच पांढरी टोपी घातलेले मुख्य आचारी स्वतः टेबलापाशी आले. त्यांनी कंबरेत वाकून, पण खणखणीत आवाजात विचारलं, "ज्यांना गिळता येत नाही ते पाहुणे कोणते?"

शेजारच्या दोन टेबलांनी माना वळवल्या. आजोबांनी लेकीकडे पाहिलं. लेक मीठदाणीकडे पाहत होती. तिने मागाहून गुपचूप दुसरा फोन केला होता हे सांगायची गरज उरली नाही.

"काळजी करू नका," आचारी म्हणाले, "आम्ही सगळं मऊ शिजवून, वाटून, गाळून देतो." आणि त्यांनी खूण केल्याबरोबर एका चाच्याने वाटी आणून ठेवली. वाटी निळी होती. तिच्यावर हसऱ्या ऑक्टोपसचं चित्र होतं, कारण वाटून गाळलेलं जेवण फक्त तान्ह्या मुलांच्या यादीत होतं. वाटीबरोबर घडी घातलेलं एक लाळेरंही होतं. त्यावर लिहिलं होतं, 'मी छोटा चाचा'.

आयुष्यात आजोबांनी अनेक अपमान गिळले होते. झडप तेव्हा चालू होती. हा काही खाली उतरेना.

"ही त्या पलीकडच्या बाळाची असेल," ते म्हणाले आणि वाटी सरकवून दिली. "मला तळलेली कोंबडी. आणि पाव. सगळ्यांसारखं."

"अहो," आजी म्हणाली. फक्त एवढंच. पण तेवढ्यात तिने सगळं म्हणून घेतलं.

कोंबडी आली. पहिला घास आजोबांनी इतका वेळ चावला की भोंगाबाईने मध्येच विचारलं, "चिकट आहे का?" तो घास उतरला. आजोबांना वाटलं, अरे, उगाच घाबरलो! आणि मोठेपणा अंगात शिरल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं: पावाचा चांगला जाडजूड तुकडा तोडून तोंडात टाकला.

पाव जिथे अडकायचा तिथे अडकला. आजोबांनी वर पाणी ओतलं. पाणीही जाऊन पावावर उभं राहिलं. अशा वेळी आणखी पाणी सोडायचं नसतं, हे ते गिऱ्हाइकांना ओरडून सांगत आले होते. त्यांनी आणखी पाणी सोडलं.

छातीत कळ आली. आता इथून निघायला हवं, हे त्यांच्या लक्षात आलं. पण तेवढ्यात दिवे गेले, नगारा वाजला, आणि ओळींमधल्या वाटांवर तलवारी उपसलेले चाचे येऊन उभे राहिले. आजोबा अर्धे उठले तोच त्यांची बाही कुणीतरी घट्ट धरली.

"कुठे चाललात? तुम्ही बसणार म्हणालात ना."

उत्तर द्यायला तोंड उघडायची सोय नव्हती. तोंडातून नुसतं उत्तरच बाहेर आलं असतं, अशी खात्री कोण देणार! पळायला वाट नाही, बसायला धीर नाही. आजोबांसमोर एकच उपाय उरला. ते तिथल्या तिथे ताठ उभे राहिले, दोन्ही हात सरळ वर केले आणि चवड्यांवर चढले.

नेमका त्याच क्षणी रंगमंचावर चाच्यांचा कप्तान गरजला, "हे जहाज आता आमचं आहे! शरण या, नाहीतर मरायला तयार व्हा!"

दिव्याचा झोत फिरत फिरत आला आणि आजोबांवर थांबला. सबंध हॉलमध्ये हात वर करून उभा असलेला एकच माणूस होता.

"वा!" कप्तान आनंदाने ओरडला. "अजून आम्ही तलवारसुद्धा फिरवली नाही! इतका भित्रा गडी या समुद्रात पहिल्यांदाच पाहिला!"

हॉल हसला. दोन चाच्यांनी आजोबांना दंडाला धरून वर नेलं. ते मान हलवून नाही नाही म्हणत होते. लोकांना वाटलं, काय सुरेख नट आहे! त्यांना डोलकाठीला उभं केलं, हात डोक्यावर नेऊन दोराने सैलसर बांधले. खालून लेक उठून धावत निघाली होती. आजीने तिला धरून ठेवलं. बांधण्याची ती पद्धत तिला बरोबर वाटत होती.

आणि खरंच होतं. सामानाच्या खोलीत आजोबांचे हात भरून येत, मध्येच खाली पडत. इथे दोर होता. पाठीला खांब होता. छाती आपोआप पुढे आली होती. त्यांनी डोळे मिटले.

कप्तान माइक घेऊन अगदी जवळ आला. "बोल, कैद्या! तुझी शेवटची इच्छा काय?"

बुळुक.

तो आवाज माइकातून हॉलभर गेला. मोरी मोकळी झाल्याचा तो अस्सल, समाधानी आवाज होता. लोक टेबलं बडवून हसू लागले. कप्तानालाही हसू आवरेना. त्याने पुन्हा विचारलं, "इच्छा सांग!"

कळ गेल्यावर माणसाच्या तोंडून भलतंच खरं निघतं. आजोबा म्हणाले, "नातीच्या शेजारी बसून जेवायचंय. सावकाश."

लोक आणखी हसले. टाळ्या पडल्या. आजोबांना सोडण्यात आलं, आणि ते जागेवर येऊन बसले.

हसत नव्हती ती फक्त भोंगाबाई. तिने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. "दोर दुखला?"

"नाही गं. पाव अडकला होता. उतरला."

"म्हणून हात वर केलेत?"

"हो."

"सामानाच्या खोलीत पण असंच करता?"

आजोबांनी होकारार्थी मान हलवली.

भोंगाबाईने काटा खाली ठेवला. मग ती म्हणाली, "मला वाटायचं, मी सांडते म्हणून तुम्ही आत जाऊन जेवता."

भिंतीला नुसता कान लावून आत कुठे गळतंय ते सांगणारा माणूस म्हणून आजोबांची ख्याती होती. आणि दाराच्या पलीकडे, आपल्याच घरात, एक पोर वर्षभर हे मनात घेऊन जेवत होती, त्याचा त्यांना पत्ता नव्हता. पंखा चांगला आहे म्हणे! त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ऑक्टोपसची वाटी त्यापुढे काहीच नव्हती.

"तुझं सांडणं मला आवडतं," ते म्हणाले. "मीच लाजत होतो. मूर्ख आहे मी."

"जरासे," आजी म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

आजोबांनी डोळ्यावर पट्टी असलेल्या वेटरला हाक मारली. "ती निळी वाटी आहे का हो अजून? ऑक्टोपसवाली?"

होती. आचाऱ्यांनी ती गरम करून पाठवली.

"आणि ते लाळेरंही ठेवा," आजोबा म्हणाले. "आता कशाला मागे राहायचं?"

भोंगाबाईने त्यांच्या मानेमागे बंद बांधले. छोटे चाचे जेवू लागले. एक चमचा, घोटभर पाणी, उभं राहायचं, हात वर, बुळुक, खाली बसायचं. पुन्हा एक चमचा. समोर लढाई चालली होती, तोफांचा धूर निघत होता, पण आजोबांच्या आसपासची माणसं त्यांच्याकडेच बघत होती. एकदा कप्तान तलवार फिरवत टेबलाजवळून जात होता. आजोबांचे हात वर गेलेले पाहून त्याला संधी दिसली.

"पुन्हा शरण?" तो गरजला.

भोंगाबाई खुर्चीवर उभी राहिली. तोफांना मागे टाकील अशा आवाजात ती ओरडली, "शरण नाही आले! ते जेवतायत!"

कप्तान दचकला. त्याने टोपी काढून आजोबांना लवून मुजरा केला आणि तो निमूट दुसरीकडे लढायला गेला.

खेळ संपला, दिवे लागले, माणसं उठली. चाच्यांनी पट्ट्या कपाळावर सरकवल्या आणि ते खुर्च्या एकावर एक रचू लागले. लेकीने पिशव्या आवरल्या आणि तशाच मांडीवर धरून बसून राहिली. आजोबांच्या वाटीत अजून बरंच उरलं होतं. भोंगाबाईच्या ताटलीत केकचा शेवटचा तुकडा होता. केव्हापासून ती तो काट्याने इकडून तिकडे ढकलत होती.

"खाऊन टाक की," आजोबा म्हणाले.

"तुमचं व्हायचंय अजून."

"मला वेळ लागेल."

"लागू दे."

बोलता बोलता काटा निसटला, केक ताटलीबाहेर गेला आणि टेबलभर क्रीम पसरलं. भोंगाबाई एकदम थांबली. तिने टेबलाकडे पाहिलं, मग आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी वाटीतलं चमचाभर घेतलं, वर घोटभर पाणी घेतलं. ते उठले, दोन्ही हात वर केले, थोडा वेळ तसेच राहिले, आणि पुन्हा तिच्या शेजारी बसले.