हवेतले शेत

वैशाखात धुळ्याचे ऊन सकाळीच प्रौढ होते. त्या उन्हात मुरुमावर पडणाऱ्या चपलांचा करकरीत, घाई नसलेला ध्वनी ऐकू आला की माझ्यापुढे वेणूबाई उभ्या राहतात : पांढरे सुती पातळ, खांद्यावरून घट्ट ओढून घेतलेला पदर, हातात मिटलेली काळी छत्री, आणि त्या छत्रीचे टोक कधी दगडाकडे तर कधी क्षितिजाकडे रोखणारा, खडूच्या भुकटीने कायमचा कोरडा झालेला उजवा हात. कितीही ऊन असले तरी छत्री त्या उघडीत नसत. मुलींच्या शाळेत उभी हयात चित्रकला शिकवल्यानंतर फळ्यापुढचा जो अधिकार माणसाजवळ उरतो, तो त्यांनी त्या छत्रीत जपून ठेवला होता.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. महामार्गाच्या भरावासाठी मुरूम उपसून शहराच्या कडेला एक विस्तीर्ण खड्डा उरला होता. तो बुजवू नये, त्यात शिल्पोद्यान करावे, ही कल्पना वेणूबाईंची. तिच्यासाठी त्यांनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आणि अखेर उद्यान झाले. एका समितीकडे त्याची देखरेख आली. कापसाच्या जिनिंगचा कारखाना असलेले नाना हे तिचे अध्यक्ष. शिल्पे घडवणारे युसूफमिस्त्री, वेणूबाई आणि मी हे सभासद. मी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेलो. मोजणे हा माझा व्यवसाय आणि बहुधा स्वभावही.

वाद एका मातीच्या खांबावरून होता. खोदकामात एक पद्धत आहे. जमीन कोठवर होती हे मागाहून कळावे, म्हणून खणणारे मूळ जमिनीचा एखादा खांब मध्येच न खणता ठेवतात. त्याच्या माथ्यावर पूर्वीचे गवतदेखील तसेच असते. माथ्यापासून पायथ्यापर्यंत जितकी उंची, तितकी माती गेली. या खांबाला आम्ही साक्षीदार म्हणत असू. मापे झाली की तो पाडायचा, कारण उभा राहिलेला साक्षीदार लबाड माणूस पुन्हा मोजून त्याच मातीचे पैसे दुसऱ्यांदा उचलू शकतो. या खड्ड्यातला शेवटचा साक्षीदार मात्र राहून गेला. मापे घेतली त्याच दिवशी पेरणी तोंडावर आली म्हणून मजूर आपापल्या गावी निघून गेले, आणि पाडण्याचे काम कोणाचेच उरले नाही. दोन पुरुष उंचीचा तो कठीण मुरुमाचा खांब, माथ्यावर वाळल्या गवताची झुलपे घेऊन, खड्ड्याच्या मधोमध उभा होता.

नानांना तेथे रंगीत दिव्यांचे कारंजे हवे होते. वेणूबाईंना तो खांब हवा होता. माझे मत नानांकडे झुकलेले होते. कारंज्याचे मला प्रेम नव्हते, नियमाचे होते. बैठकीत वेणूबाई वाद घालीत बसल्या नाहीत. “निर्णय तुमचा. पण आधी एकदा माझ्याबरोबर चाला,” एवढेच म्हणाल्या.

म्हणून त्या सकाळी आम्ही चाललो.

उतारावर पहिले शिल्प होते ते बसलेल्या म्हशीचे. काळ्या दगडाच्या त्या पाठीवर कोवळे ऊन तेलासारखे पसरले होते. नानांनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

“मिस्त्री, हिचं एक शिंग आखूड का हो?”

“दगडात तेवढंच होतं, नाना. मी काय पदरचं घालू?”

वेणूबाई हसल्या नाहीत. त्या शिल्पाविषयी बोलतच नसत. ज्या रानातून दगड आला त्या रानाविषयी बोलत. धुळ्याच्या माळावर काळ्या दगडाच्या भिंती आहेत. त्या कोणी बांधल्या नाहीत. शेते, ओढे, गावांच्या शिवा ओलांडीत त्या कोसच्या कोस सरळ धावतात आणि क्षितिजापाशी गेल्यावरच दिसेनाशा होतात. मनुष्य नव्हता, त्याला नाव देणारी भाषा नव्हती, तेव्हा पृथ्वीच्या उदरातला तप्त रस भेगांतून वर चढला आणि तेथेच थिजला. मग भोवतीचा मऊ खडक वाऱ्यापाण्याने युगानुयुगे झिजत गेला. “भेग होती ती भिंत झाली,” छत्रीचे टोक म्हशीच्या पाठीवर टेकवून वेणूबाई म्हणाल्या, “आणि जमीन होती ती हवा झाली.” त्या भिंती फोडून मी रस्ते नेले आहेत. सुरुंगाची भोके मोजली आहेत. त्या सकाळी प्रथमच मला त्या दगडापुढे उभे राहून आवाज खाली घ्यावासा वाटला.

पुढे खड्ड्याची उभी कड लागली. नव्या वहीच्या पानांसारखे तिच्यात थर होते : वर हातभर काळी, तिच्याखाली भुरी, मग तांबूस मुरूम, आणि अगदी पायाशी, दगड व्हायचे की माती व्हायचे हे अजून न ठरलेला करडा खडक. वेणूबाईंनी काळीवर तळवा टेकला. एखाद्या तापलेल्या कपाळावर टेकावा तसा.

“हात लावा, नाना. एवढी काळी व्हायला किती पिढ्या लागल्या ते विचारू नका. माणसाच्या पिढ्या तिथं पुरत नाहीत.”

नानांनी हात लावला आणि धोतराला पुसला. “गार आहे,” एवढेच ते म्हणाले. पण त्यांची चाल तेथून मंद झाली हे मी पाहिले.

आम्ही खांबापाशी पोहोचलो तेव्हा झळा सुरू झाल्या होत्या. रोपांना पाणी घालणाऱ्या बायका घागरी उतरवून कडेच्या सावलीत बसल्या होत्या. वेणूबाईंनी पिशवीतून गवंड्याची दोरी काढली. एक टोक घेऊन युसूफमिस्त्री पश्चिमेच्या काठावर गेले. तेथे त्यांनी ते खुंटीला बांधले, मग शिडीने खांबावर चढून दोरी गवतावरून अलगद पुढे दिली. दुसरे टोक वेणूबाईंनी माझ्या हाती ठेवले.

“भाऊसाहेब, पूर्वेच्या काठावर जा. ताणून धरा. आयुष्यभर धरलीत, आज माझ्यासाठी.”

मी वर गेलो. काठावर गुडघा टेकून दोरी जमिनीलगत धरली आणि ताणली. सवयीने एक डोळा मिटून तिच्या रेषेतून पाहिले. इकडचा काठ, खांबाचा माथा, तिकडचा काठ, तिन्ही एका रेषेत आले. असे मी सहस्र वेळा पाहिले असेन. रेषेखालची पोकळी म्हणजे उपसलेली माती, लांबी गुणिले रुंदी गुणिले खोली, यापलीकडे तिला अर्थ नव्हता. पण त्या दिवशी खाली माणसे उभी होती. नानांची पांढरी टोपी, बायकांची रंगीत लुगडी, वेणूबाईंचा उंचावलेला हात, सारे रेषेच्या खाली होते. म्हणजे जमिनीच्या आत होते. नाहीसा झालेला पृष्ठभाग त्या एका सुताने परत आणला आणि आम्हा सर्वांवर पांघरला. वारा आला. दोरी सूक्ष्म स्वरात गुणगुणली. कोठूनसा एक वेडा राघू तिच्यावर येऊन बसला. तो जेथे बसला होता तेथे कधीकाळी गवताची मुळे होती.

“वर पाहा,” वेणूबाई म्हणाल्या. खड्ड्याच्या भिंतींमुळे त्यांचा आवाज स्पष्ट वर येत होता. “ही दोरी म्हणजे आमचं शेत. माझ्या माहेरचं. रस्त्यासाठी गेलं. तिथं, खांबाच्या डाव्या हाताला, निंब होता. आखाजीला त्याच्या फांदीला झोका बांधायचो. माहेरी आलेल्या साऱ्या पोरी गाणी म्हणत झोका चढवायच्या. खाली पाहिलं की पायाखालून जमीन पळायची. आता पाहा, झोका राहू द्या, जमीनच अधांतरी आहे.” छत्रीचे टोक हवेत सरकत नानांच्या डोक्यावर येऊन थांबले. “आणि नाना, तुमच्या टोपीवरून आमच्या आबांची बैलजोडी जायची.”

नानांचा हात नकळत टोपीकडे गेला.

“बाजूला व्हा नाना, बैल नांगराचं तास घेऊन परत येताहेत,” शिडीवरून युसूफमिस्त्री म्हणाले.

बायका खळखळून हसल्या. नानाही हसले. आणि मग, का कोण जाणे, खरोखरच एक पाऊल बाजूला सरले. त्यानंतर कोणीच हसले नाही. सगळ्या माना वर होत्या. रिकाम्या आकाशाच्या त्या तुकड्याकडे माणसे ज्या दृष्टीने पाहात होती, त्या दृष्टीने देवळातल्या मूर्तीकडे पाहताना मी फार थोडी माणसे पाहिली आहेत. माझा हात भरून आला होता. मी दोरी सैल केली नाही.

वेणूबाई मात्र वर पाहात नव्हत्या. त्यांनी पाठ खांबाला टेकली होती आणि डोळे मिटले होते. हे शेत पाहण्यासाठी त्यांना दोरीची गरज नव्हती.

“राहू द्या,” शेवटी नाना म्हणाले. “कारंजं नको. खांब राहू द्या.” आणि लगेच, देणाऱ्या माणसाला देताना जो उत्साह चढतो तो चढून, म्हणाले, “पण मग असा उघडा नको. दोन पावसाळ्यांत विरघळेल. वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गिलावा करू. माझ्याकडून. वर गेरूचा रंग, भोवती लोखंडी कठडा, आणि बाईंचं नाव.”

वेणूबाईंनी डोळे उघडले. जिंकलेली गोष्ट त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या दाराने जात होती.

“नाना, जमीन आहे ती. सिमेंट लावलंत की ती जमीन राहील का? जमिनीला कधी कोणी गिलावा करतं?”

नाना व्यापारी होते. शब्द पडू देत नसत. “का? करतात की. आपल्या घरी बायका शेणानं सारवत नाहीत?”

वेणूबाईंची छत्री हवेत अर्धी उचललेली तशीच राहिली. पाण्याच्या बायकांत कौतिकबाई नावाची एक वयस्क स्त्री होती. ती पदर खोचून उठली आणि शेण-माती आपणच आणू, असे आपल्या अहिराणीत सांगून मोकळी झाली.

“मंग सारवानंच ना, नाना. सिमेट तुमना घरले लावा. शेन आमी लई येसूत, पांढरी माती बी. आखाजी चार दिनवर शे.”

“अक्का, दरसाल सारवाल का?” नानांनी विचारले. थट्टेने विचारले होते, पण उत्तरासाठी ते थांबले.

“घर दरसाल सारवतस ना? हाई बी घरच शे.”

वेणूबाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले, त्याचे वर्णन मी करणार नाही. मला तशी सवय नाही. त्यांनी कौतिकबाईंचा ओला हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही, एवढे नोंदवतो. नाना छत्रीकडे पाहात म्हणाले, “बाई, आता तरी ती उघडा. ऊन लागतंय मला.” वेणूबाईंनी छत्री नानांना दिली.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या सकाळी बायका आल्या. शेण, पांढरी माती, पाणी घमेल्यांत कालवून त्यांनी पायथ्यापासून हात पोहोचेल तेथवर खांब सारवला. वरचा भाग शिडीवरून वेणूबाईंनी आणि कौतिकबाईंनी आळीपाळीने सारवला. माथ्यावरच्या गवताला कोणी हात लावला नाही. ओल्या सारवणावर बोटांच्या अर्धवर्तुळाकार लाटा उठत होत्या आणि उन्हात पांढुरक्या होत होत्या. सबंध उद्यानात छिन्नी न लागलेली तेवढी एकच आकृती होती, आणि युसूफमिस्त्री आपली म्हैस सोडून दिवसभर तिच्यासमोर बसून राहिले. त्यांना विचारले तर म्हणाले, “भाऊसाहेब, आम्ही दगड काढून आकार करतो. हे तर सगळं रान काढून केलंय.”

त्यानंतर प्रत्येक वर्षी सारवण झाले. वेणूबाई शाळांच्या मुलींना, परगावच्या पाहुण्यांना, कधी वाट चुकून आलेल्या एखाद्या वाटसरूलाही उद्यान दाखवीत. दोरी धरायला मी जात असे. पुढे काही वर्षांनी, ऐन थंडीत, दोन दिवसांच्या तापात त्या गेल्या. त्या वर्षीच्या आखाजीला मी गेलो तेव्हा वाटले होते की खांब तसाच असेल, भेगाळलेला. पण बायका आलेल्या होत्या. कौतिकबाई खाली बसून सुना-लेकींना ओरडत होत्या, “बठ्ठा लावा, कोपरा सोडू नका.” माझी चाहूल लागताच एकीने विचारले, “भाऊसाहेब, दोरी लई येल शे का?” मी आणली होती. दोरी माझ्या खिशात होती.

पाऊस दरसाल त्या खांबाचे काही नेतो. हात दरसाल त्याला काही देतात. आता त्यात मूळ जमीन किती आणि बायकांची माती किती, हे मोजता येण्यासारखे आहे. मी मोजलेले नाही. उपसलेले परत येत नाही, हे मी नोकरीत शिकलो, आणि त्यात बदल करावा असे काही पुढे पाहिले नाही. वेणूबाई कोठेच नाहीत. परंतु जे नाही ते कोठवर होते, एवढे वर्षातून एकदा, ताणलेल्या दोरीने आणि ओल्या तळव्याने अजून दाखवता येते. काळ तेवढ्याला हरकत घेत नाही, आणि स्मरणाला त्याहून अधिक काही मागताही येत नाही.