बादलीभर स्वच्छ पाणी

मी बादलीतून बोलतोय.

हो, बादलीतूनच. निळी, प्लास्टिकची, वीस लिटरची, तुटलेल्या कडीच्या जागी तार बांधलेली बादली. खरं तर माझी जागा इथून चार पावलांवर आहे, कारखान्याचं सांडपाणी जिथून बाहेर पडतं त्या पाटाच्या तोंडाशी. तिथे माझ्यासाठी बसवलेलं लोखंडी कडं अजून तसंच आहे, शेजारी भिंतीवर माझा क्रमांकही रंगवलेला आहे. मी एक सेन्सर. वीतभर लांबीचा दांडा, मागे काळी वायर. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार विरघळलेत ते मी सांगतो. दुसरं काही मला येत नाही. खोटं बोलणंही येत नाही.

माझा जन्म एका थंड, पांढऱ्या खोलीत झाला. तिथे एक बाई आम्हा भावंडांना एकेका काचेच्या भांड्यात बुडवायची आणि म्हणायची, "हे शून्य. हे पाचशे. हे दोन हजार." चुकलो की पुसायची आणि पुन्हा बुडवायची, पोरांकडून पाढे घोटून घ्यावेत तशी. तिच्या मागच्या भिंतीवर दोन रेघांचा तक्ता होता. पाचशेच्या आतलं पाणी माणसानं प्यावं. दोन हजारांच्या आतलं कारखान्यानं बाहेर सोडावं. त्या दोन रेघांच्या मधे केवढी जागा आहे, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

मग कायदा झाला. प्रत्येक कारखान्याच्या पाटावर एक सेन्सर हवा, दर पंधरा मिनिटांनी त्याचा आकडा प्रदूषण नियंत्रण कार्यालयाच्या पडद्यावर दिसायला हवा. मी आलो तो कापड रंगवण्याच्या या कारखान्यात. मला बसवताना अधिकाऱ्यांनी फोटो काढून घेतले. एकजण म्हणाला, "आता पहारेकरी बसला. आता काय बिशाद आहे कुणाची!" मीही फुशारलो.

पहिले अकरा दिवस मी पहारा दिला. पाटातून कधी जांभळं पाणी यायचं, कधी काळंभोर. मी नऊ हजार सांगितले, अकरा हजार सांगितले. कार्यालयाच्या पडद्यावर मी लाल झालो. बाराव्या दिवशी मॅनेजरसाहेब नाकाला रुमाल लावून पाटावर आले. तिथे तात्या होते. तात्या म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रावरचा माणूस. डोक्यावर चार केस, खिशाला दोन पेनं.

"तात्या, हा दांडा फार बडबड्या दिसतो."

"साहेब, पाणीच तसं आहे. यंत्र पूर्ण वेळ चालवलं तर..."

"यंत्र पूर्ण वेळ चालवलं तर कारखाना अर्धा वेळ चालेल. मग तुमचं घर कसं चालेल? एक बादली आणा. स्वच्छ पाण्याची."

तात्या गेले आणि बादली घेऊन आले.

खोटं काम माणूस किती मन लावून करू शकतो, हे मी तात्यांकडून शिकलो. रोज सकाळी सातला ते बादली घासत, पाणी बदलत, मला मऊ फडक्यानं पुसत, डास पडू नयेत म्हणून वर ताटली झाकत. कारखान्याच्या नळाला गंज यायचा, तो त्यांना माझ्यासाठी चालायचा नाही. भिंतीमागे कामगारांच्या चाळीस खोल्या होत्या आणि त्यांना मिळून एक बोअर. तात्यांची खोलीही त्यातच. बोअरचं पाणी ते माझ्यासाठी खांद्यावरून आणत. त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. डबा द्यायला आल्या की त्या हसायच्या.

"माझ्यापेक्षा त्या दांड्याचीच जास्त बडदास्त ठेवता तुम्ही."

"अगं, तो बोलला तर माझी नोकरी जाईल. तू रोजच बोलतेस, काय बिघडतं?"

पहिल्या दिवशी बोअरच्या पाण्याचा आकडा होता तीनशे दहा. गोड पाणी. मी तो आकडा पाठवला आणि हिरवा झालो. पुढे कारखान्याला स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र मिळालं. दर सहा महिन्यांनी मला तपासायला येणारा माणूस ताटली उचलून बघायचा, म्हणायचा, "छान ठेवलाय हो," आणि सही करून जायचा.

पण पाटाचं पाणी जायचं तरी कुठे? भिंतीपलीकडे एका कच्च्या तळ्यात साठायचं आणि तिथेच मुरायचं. दुसऱ्या वर्षी माझा आकडा चारशे झाला. तिसऱ्या वर्षी एका सकाळी तात्यांनी ताजं पाणी ओतलं आणि मी पाचशे दोन म्हणालो. मला वाटलं, आता कुणीतरी धावत येईल. कुणी आलं नाही. माझी रेघ दोन हजारांची होती, गटाराची. सातशेला मी हिरवा. अकराशेला हिरवा. सोळाशेलाही हिरवाच.

काकूंची गाऱ्हाणी मात्र मी ऐकत होतो. साबणाला फेस येत नाही. पातेल्याला पांढरा थर धरतो. चहा फाटतो. तात्या म्हणायचे, "दूधवाला बदल." मग काकूंची पावलं सुजू लागली. जिना चढताना त्यांना धाप लागायची. एक दिवस डबा ठेवून त्या पायरीवर बसल्याच.

"काय म्हणाला डॉक्टर?"

"मूतखडा म्हणे. भरपूर पाणी प्यायला सांगितलंय. आता मी तांब्या उशाशीच घेऊन बसते."

मी बादलीत ओरडलो. म्हणजे आणखी एक आकडा पाठवला. सोळाशे चाळीस. हिरवा.

सहाव्या वर्षी एक मुलगी आली. लांब कुठे शिकून परतलेली, पाठीवर पिशवी, बुटांना चिखल. सरकारच्या, म्हणजे लोकांच्याच पैशातून एक संशोधन चाललं होतं. कायद्यानं बसवलेले हे पहारेकरी खरंच पाणी राखतात का, ते तिला शोधायचं होतं. तिला अकराची वेळ दिली होती. ती नऊलाच आली. ती येण्याआधी मला दाखवण्यापुरतं पाटात लटकवायचं ठरलं होतं, ते अजून बाकी होतं.

तात्यांनी आधी तिला पाणी दिलं. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं, आपल्या घरच्या कळशीतून, घासलेल्या पेल्यात. एक घोट घेऊन ती थांबली. मग तिची नजर ताटलीवर गेली, ताटलीखालच्या बादलीवर गेली आणि तिथून चार पावलांवरच्या रिकाम्या कड्यावर गेली.

तात्यांनी हात जोडले. "ताई, मी साधा माणूस आहे. दोन वर्षं राहिलीत नोकरीची."

"काका, मी तुम्हाला पकडायला आले नाही." तिनं पिशवीतून एक कागद काढला. "एकशे चाळीस कारखान्यांचे आकडे पाहिले मी. गटाराचं पाणी रोज वरखाली होतं. तुमची रेघ तशी नाही. ती सहा वर्षं हळूहळू चढतेय, एखाद्या आजारासारखी. बादली आहे हे मला बसमध्येच कळलं होतं. मला एवढंच विचारायचंय, बादलीत पाणी कुठलं भरता?"

"आमच्या बोअरचं. स्वच्छ असतं. आम्ही तेच पितो."

तिनं मला बादलीतून काढलं, फडक्यानं कोरडं केलं आणि आपल्या हातातल्या पेल्यात धरलं. माझी वायर जाते त्या भिंतीवरच्या यंत्राच्या डब्यावर आकडा आला. सतराशे दहा. बादलीत होता तोच.

"हे पाणी पिऊ नका, काका. आजपासून नाही. मीठ तर आहेच, पण त्याच्याबरोबर काय काय आलंय ते या दांड्यालाही कळत नाही."

"मग काय पिऊ?" तात्यांनी विचारलं. रागावून नव्हे. खरंच विचारलं.

तिनं दोनशे पानी अहवाल लिहिला. आमची गोष्ट पान एकशे सदतीसवर होती. बोअर बंद करा, चाळीस घरांना पाणी द्या, पिण्याची रेघ आणि गटाराची रेघ एकाच पडद्यावर दाखवा, असं तिनं लिहिलं होतं. चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. पायरीवर बसून ती तात्यांना सांगू लागली.

"समितीत म्हणाले, सेन्सर पाटात नव्हता, बादलीत होता. म्हणजे त्याचे आकडे नियमाबाहेरचे. नियमाबाहेरच्या आकड्यांवरून बोअर दूषित आहे असं म्हणता येत नाही."

"आणि बादलीचं काय म्हणाले?"

"बादलीचा पुरावा नाही म्हणाले. कारण आकडे नियमात आहेत."

तात्या हसले. त्यांचं तसं हसू मी पहिल्यांदाच ऐकलं. "म्हणजे बादली आहे पण नाही, आणि बोअर खराब आहे पण नाही! शिकलेल्या माणसांचं डोकं भारी चालतं हो, ताई." ती हसली नाही. म्हणाली, "बोअरचं पाणी मी स्वतः तपासायला दिलंय. पुन्हा लिहीन. छापेपर्यंत लिहीन."

मॅनेजरसाहेबांनी मात्र अहवालाचं ते पान नीट वाचलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी फर्मान काढलं. "तात्या, बोअरचं पाणी बंद. बादलीत आता जारचं पाणी ओतायचं. आकडा कसा सरळ हवा." तेव्हापासून रोज सकाळी दोन जार येऊ लागले, एक साहेबांच्या केबिनला आणि एक मला. भिंतीमागच्या चाळीस खोल्यांना एकही नाही.

पहिला जार ओतताना तात्या अर्ध्यावर थांबले. काकू तेव्हा दवाखान्यातून नुकत्याच घरी आल्या होत्या. तात्यांनी झाकण पुन्हा लावलं, जार खांद्यावर टाकला आणि भिंतीमागे गेले. येताना नेहमीच्या कळशीतून बोअरचं पाणी घेऊन आले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला काय, चालेल."

मला चाललं. एकवीस दिवस चाललं. आकडा होता अठराशेच्या घरात, हिरवा. बाविसाव्या दिवशी रखवालदारानं त्यांना जारसकट धरलं.

तात्यांना काढलं. हातात दिलेल्या पत्रात बादलीचा उल्लेख नव्हता, पाटाचा नव्हता, तळ्याचा नव्हता. 'कारखान्याच्या मालकीच्या पिण्याच्या पाण्याची चोरी, जार एकवीस,' एवढंच होतं. खोली आठ दिवसांत रिकामी करायची होती.

जायच्या दिवशी ते पाटावर आले. बादली घासली, मला पुसलं. मग इकडेतिकडे न बघता मला उचलून माझ्या खऱ्या जागी, त्या लोखंडी कड्यात बसवलं. सहा वर्षांनी मी पाटाचं पाणी चाखलं. नऊ हजार चारशे! मी जीव तोडून सांगितलं. पडद्यावर लाल झालो. पंधरा मिनिटांत रखवालदारानं मला पुन्हा बादलीत टाकलं. कार्यालयाच्या नोंदीत त्या पंधरा मिनिटांपुढे 'यंत्रातील क्षणिक बिघाड' असं लिहिलं गेलं.

काकूंचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. माझी वायर तेवढी लांब नाही.

आता तात्यांच्या जागी दुसरा माणूस आहे. तो मला पुसत नाही, पण जार न चुकता ओततो. भिंतीमागे सकाळी बोअरचा पंप सुरू होतो, कळशा वाजतात, बायका एकमेकींना सांगतात की हल्ली चहा फार फाटतो.

माझा आकडा वाचणाऱ्या माणसा, मी कधी चुकलो नाही. तू मला विचारलंस, किती? कुठलं, ते विचारलंच नाहीस. एकदा ये. दिलेल्या वेळेच्या दोन तास आधी ये. आणि कुणी पेला पुढे केला तर आधी मला त्यात बुडव.

आजचा माझा आकडा एकशे दहा आहे. साहेबांची केबिन सोडली, तर या आवारात इतकं गोड पाणी फक्त मला मिळतं. आणि मला तहान लागत नाही.