रोसेरच्या वाटणीचा भात

सासऱ्यांच्या त्या कढईचा मला पहिल्यापासून राग आहे. आठवडाभर चूल मी सांभाळायची आणि रविवारी मात्र बतिस्तबाबा अंगणात संत्र्याची लाकडं पेटवून ससा, कोंबडी, शेंगा आणि तांदूळ शिजवणार, नि गावभर कौतुक त्यांचं. त्या दिवशी ताटं नसतात. कढई मधोमध ठेवायची, भोवती सगळ्यांनी बसायचं आणि लाकडी चमच्याने आपल्यासमोरचा तेवढाच भात खात मध्याकडे जायचं. शेजारच्याच्या हद्दीत चमचा घालणाऱ्याला आमच्या गावात कुणी माणसांत धरत नाही.

कढईभोवती आम्ही सहाजण: बाबा, नणंद विसांता, माझा नवरा सेंतो, मी आणि माझे दोन मुलगे. सातवी जागा सासूबाईंची. त्यांचं नाव रोसेर. त्या गेल्याला बरीच वर्षं झाली, तरी त्यांच्यासमोरचा भात कुणी खात नाही. जेवणं उरकली की बाबा तो खरवडीसकट काढतात आणि कोंबड्यांना घालतात.

अशा घरात सप्टेंबरात सिग्ने आली. डेन्मार्कची, एकोणीस वर्षांची. शाळा संपली की कॉलेजच्या आधी तिकडची मुलं एक वर्ष मोकळं घेतात म्हणे. आमच्याकडे मोकळं वर्ष म्हणजे नापास झालेलं वर्ष! पण अशा मुलांना घरं शोधून देणाऱ्या एका संस्थेने विचारलं, खोली रिकामी होती, मी हो म्हटलं. पोरगी गुणी निघाली. माझ्या मुलांना गोड बोलून अंघोळीला पिटाळायची, संध्याकाळी माझ्याबरोबर भांडी पुसत मोडक्यातोडक्या भाषेत दिवसभराचं सगळं सांगायची. मुलगी असती तर अशीच असती, असं मला फार लवकर वाटायला लागलं.

पहिल्याच रविवारी बाबांनी तिला चमचा दिला नाही. चिनी मातीची बशी दिली, काटा-सुरी दिली आणि बाजूच्या टेबलाशी बसवलं. ती बिचारी खूश. "माझ्यासाठी वेगळं ताट! किती मान देता तुम्ही!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान कसला, कुंपणाबाहेर ठेवलं होतं तिला. पहिल्या रविवारी पाहुणी, समजलं. पण दुसऱ्या? नाताळात? मी सेंतोला बोल म्हटलं. तो "बघू" म्हणाला. तो लग्नापासून बघूच म्हणतोय.

फेब्रुवारीत शेतातली पाण्याची मोटर बिघडली आणि ती दुरुस्त करायला गावातला मिस्त्री नेलो आला. नेमका रविवार. "सरक रे सेंतो, त्याला जागा दे," बाबा म्हणाले आणि नेलोच्या ग्रीसने माखलेल्या हातात त्यांनी चमचा दिला.

सिग्नेने नेलोच्या चमच्याकडे पाहिलं. मग आपल्या बशीकडे पाहिलं. उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "फिना, माझं काही चुकलं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"बाबा, मोटर दुरुस्त करणाऱ्याला चमचा आणि घरात राहणाऱ्या पोरीला बशी? हा कुठला न्याय?"

"पाहुणी आहे," बाबा मान वर न करता म्हणाले.

"पाहुणी? पाहुणी तुमचे मोजे वाळत घालते का?"

"फिना, भात गार होतोय," सेंतो पुटपुटला.

"होऊ दे! तू गप खा."

मी एक खुर्ची फरफटत आणली, सासूबाईंच्या जागी ठेवली आणि सिग्नेच्या हातात चमचा कोंबला. विसांता ताडकन उठली. "वहिनी! ती आईची जागा आहे!"

"आई खातात का तिथे? कोंबड्या खातात!"

नेलोने चमचा खाली ठेवला. "मी... जरा मोटर बघून येतो."

"बस खाली!" बाबा आणि मी एकदमच ओरडलो. बिचारा बसला.

मग बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "हा नेलो पुढच्या रविवारीही दिसेल. याचा बाप दिसायचा, उद्या याचा मुलगा दिसेल. ही जूनमध्ये जाणार. ती जागा एकदा रिकामी झालेली मी पाहिली आहे, फिना. पुन्हा नाही पाहायची मला."

आपण रागात असताना समोरच्याने खरं बोलावं, यासारखा दुसरा अन्याय नाही. माझा आवाज फाटला. "म्हणून तिने आत्तापासूनच नसल्यासारखं राहायचं? जूनचं जूनमध्ये रडा!"

"मी बशीत खाईन, खरंच," सिग्ने म्हणाली. तिचा चेहरा लालभडक झाला होता.

"बस," बाबा म्हणाले. मला वाटलं मलाच म्हणाले. पण ते तिला म्हणत होते. "बस तिथे. आणि शेंगा टाकायच्या नाहीत. रोसेरला आवडायच्या."

तिने शेंगा खाल्ल्या, खरवड खाल्ली, मध्यापर्यंत कढई लख्ख केली आणि कुणाच्या हद्दीतलं एक शीतही हलवलं नाही. विसांता बरेच रविवार गाल फुगवून बसली. मग एकदा तिने आपल्या वाटणीचा सशाचा तुकडा गुपचूप सिग्नेकडे सरकवला.

जूनमध्ये सिग्ने गेली. तिला सोडायला विमानतळावर गेले तेव्हा मी गाडी लावून देणाऱ्या माणसाशी विनाकारण भांडले.

पुढच्या रविवारी मी सवयीने सात चमचे मांडले. सगळ्यांनी खाल्लं. ती जागा तेवढी भरलेली राहिली, शेंगा वर, सगळं जिथल्या तिथे. आता बाबा म्हणणार, बघ, सांगितलं नव्हतं मी? म्हणू देत, मीही तयार होते.

बाबा म्हणाले, "सप्टेंबरात दुसरं कुणी येणार असेल ना? विचार त्या संस्थेला. या वेळी पहिल्या दिवसापासून चमचा देऊ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसरं कुणी! बाजारातून कोंबडी आणायची आहे का?

"काही नको दुसरं कुणी!" मी ओरडले. "ती जागा सिग्नेची आहे! तिथे कुणी चमचा लावला तर याद राखा!"

विसांताचा घास तोंडातच राहिला. बाबा उठले, त्या जागेवरचा भात खरवडीसकट कोंबड्यांच्या टोपल्यात काढला आणि टोपलं माझ्या हातात दिलं.

"जा," ते म्हणाले. "आता तू घाल."