ॲन्सेल पायलटची खोली मोजणारी दोरी

मित्रांनो, मी मिसिसिपी नदीवरच्या एका आगबोटीची जुनी दोरी आहे. आडावर पोहऱ्याला बांधतात तसली नव्हे हं! मी पाण्याची खोली मोजणारी. माझ्या टोकाला शिशाचा जड गोळा आणि अंगावर मापामापाने शिवलेल्या लाल पट्ट्या. खलाशी मला पाण्यात सोडून आकडा ओरडायचा, आणि वर सुकाणूपाशी उभा पायलट त्या आकड्यावर दोनशे जीव पुढे न्यायचा. आहे की नाही थाट?

माझा मालक ॲन्सेल रड. नदीचे वळण न् वळण त्याला तोंडपाठ. तो सुकाणूवर असला की कॅप्टनचासुद्धा हुकूम चालत नसे. घरी मात्र बायको पर्मिलिया त्याचे कान उपटायची. मी नवी असताना त्याने घाईघाईत माझ्यावर खडूने खुणा केल्या आणि पट्ट्या शिवायला मला तिच्यापुढे टाकले.

"अरे, आधी भिजव तिला, ताण, मग माप घे. माझ्या बाबांनी जन्मभर दोर वळले, मला कळतं."

"दोर वळले, बोट नाही चालवली! शिव मुकाट्यानं. सकाळी निघायचंय."

तिने धुसफुसत शिवल्या.

त्या फेरीला ती आणि तिची छोटी मुलगी ओरा बोटीवरच होत्या, मावशीकडे निघालेल्या. नदी उतरली होती. आदल्या वर्षी ॲन्सेलची बोट एकदा वाळूत रुतली होती. पुन्हा रुतली तर त्याचा परवाना जाणार होता. भरलेल्या बोटीला साडेआठ फूट पाणी लागे. वाळूच्या दांड्याजवळ खलाशी ओरडला, "नऊ फूट!"

खोटे, मित्रांनो! भिजून मी आखडले होते. पट्ट्या जवळ आल्या होत्या. पण दोरीला तोंड कुठले?

पर्मिलियाने तो आकडा ऐकला आणि ती धावतच वर आली. बोलावल्याशिवाय तिथे कुणी पाऊल टाकत नसे.

"ॲन्सेल, थांबव! दोरी आखडलीय. नऊ नाहीत!"

कॅप्टन हसला. "काय रड, आजपासून हुकूम घरून येणार वाटतं?"

ॲन्सेलचे कान लाल झाले. "खाली जा" म्हणाला असता तर कुणी त्याला नावे ठेवली नसती. पण त्याने घंटा ओढली. बोट थांबली. लाकडी मापकाठी पाण्यात घातली, तर पाणी आठ फूट आणि वर जेमतेम चार बोटे! बोट तशीच मागे घेतली.

ॲन्सेलने सर्वांसमोर टोपी काढली. "कॅप्टन, दोष दोरीचा नाही, माझा. हिनं काल सांगितलं होतं."

मग काय! मला भिजवले, ताणले, सगळ्या पट्ट्या उसवल्या.

"धर नीट. आला का शहाणपणा?" पर्मिलिया म्हणाली.

"आला, बाई, आला. शिव तू."

पुढे बावीस वर्षे मी एकही खोटा आकडा दिला नाही. अभिमान वाटतो, का लपवू?

आता मी ओराच्या नातवाच्या दिवाणखान्यात भिंतीवर असते. पाहुणे कौतुक करतात, मला आवडते. पण कोरडी पडून पडून माझी मापे पुन्हा बिघडली असतील. म्हणून मित्रांनो, नुसते कौतुक नको. कधीतरी मला भिजवा, ताणा, मोजून बघा. चुकीची निघाले तर तोंडावर सांगा. मला कमीपणा वाटणार नाही. मी ॲन्सेल रडची दोरी आहे.