तालमीत न म्हटलेलं वाक्य

हेस्टर क्विंबीने लिहिलेले सिनेमे अमेरिकाभर चालत होते आणि त्यांतला एकही तिला स्वतःचा वाटत नव्हता. न्यूयॉर्कच्या नदीपलीकडे असलेल्या स्टुडिओत ती कथा लिहून द्यायची आणि मालक शेवट बदलायचे. बापाने हाकललेल्या मुलाला तिने बर्फात मारलं, तरी पडद्यावर तो हमखास घरी परतायचा, गळाभेटी व्हायच्या, कुत्रासुद्धा शेपूट हलवायचा. तक्रार केली की मालक म्हणायचे, "बाई, रडायचंच असलं तर लोक घरी बसून रडतील की! इथं कशाला येतील?"

म्हणून ती नाटकाकडे वळली. न्यूयॉर्कचा निर्माता वेक्सलर याच्याकडून तिने एकही शब्द न बदलण्याचं कबूल करून घेतलं. नाटक तिच्याच घरचं होतं. तिच्या थोरल्या भावाला, लायमनला, बापाने घराबाहेर काढून दाराला कडी घातली होती. तोच बाप मरताना तिला म्हणाला होता, "कडी काढून ठेव. लायमन येईल." लायमनला हे कधी कळलंच नाही, कारण तिची पत्रं तो न फोडता परत पाठवायचा. पण नाटकाचं वेड त्याला लहानपणापासून होतं. तिने नाव न घालता त्याला पहिल्या प्रयोगाचं तिकीट धाडलं. नाटकातला बाप तेच वाक्य बोलेल, लायमन ते ऐकेल आणि मग पडदा पडेल. एवढ्यासाठीच सगळा खटाटोप होता.

आणि ते वाक्य तिने अजून कुणाही नटाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

नाटकवाल्यांचा तो दंडकच. तालमीत शेवटचं वाक्य उच्चारायचं नाही, उच्चारलं की नाटक बुडालंच म्हणून समजा. बापाचं काम करणारा म्हातारा प्रॉक्टर रोज तिथपर्यंत यायचा, ओठ मिटायचा आणि तळवा वर करायचा. ती खूण दिसताच रंगमंचावरच्या माळ्यावरून पडदेवाला फिनेगन पडदा सोडायचा.

"एकदाच म्हणा ना," शेवटच्या तालमीला हेस्टर काकुळतीला आली.

"पोरी, तुमच्या सिनेमात म्हणे शेवटाचं चित्रण आधीच उरकतात," प्रॉक्टर म्हणाला. "तिकडे खपत असेल. इथं आम्हाला पोटं आहेत."

"पण फिनेगनला ते वाक्य ठाऊक तरी आहे का?"

"नाही, आणि सांगूही नका!" वरून फिनेगन ओरडला. "उगाच माझ्या कानावर पाप नको!"

सगळे खो खो हसले. हेस्टर मात्र प्रॉक्टरच्या हाताकडे पाहत होती. तो आता आपोआप वर जायला लागला होता, आणि हे तिच्याशिवाय कुणाच्याच ध्यानात येत नव्हतं.

पहिल्या प्रयोगाला लायमन आला. केस पिकले होते, पण मान तिरकी करून बसायची सवय तीच. हेस्टर सगळ्यात मागे भिंतीला टेकून उभी राहिली. नाटक सुरू झालं. प्रॉक्टर असा काही रंगला होता की खोकल्याचाही आवाज येईना. शेवटच्या अंकात मरणाच्या दारातला बाप बिछान्यातून उठला, धडपडत दारापाशी गेला आणि त्याने कडीवर हात ठेवला.

बोल, हेस्टर मनात म्हणाली. बोल आता.

प्रॉक्टरने ओठ मिटले. तळवा वर गेला. दुसऱ्याच क्षणी त्याच्या चेहऱ्यावर भीती पसरली, त्याने तोंड उघडलं, पण फिनेगनने पडदा सोडला होता. कडी घट्ट आहे ना, हे चाचपून बाप मेला, असंच कुणालाही वाटावं.

नाट्यगृह टाळ्यांनी दणाणून गेलं. लायमन टाळ्या न वाजवता उठला. हेस्टर धावली आणि बाहेरच्या दालनात तिने त्याला गाठलं.

"तिकीट तुझंच असणार, हे कळलं होतं मला," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला हुबेहूब उतरवलंस. मरतानासुद्धा कडी तपासून गेला."

"नाही रे! चुकलं ते! शेवटचं वाक्य राहिलं. 'कडी काढून ठेव, लायमन येईल,' असं म्हणाला तो. माझ्यादेखत म्हणाला, शपथ!"

लायमनचा चेहरा क्षणभर बदलला. मग तो थकल्यासारखा हसला.

"तुझे सिनेमे मी एकूण एक पाहिलेत, हेस्टर. दरवेळी बाप दार उघडतो आणि दरवेळी मी मूर्खासारखा रडतो. आज पहिल्यांदा तू खरं लिहिलंस. त्याचा तरी सिनेमा करू नकोस."

"ते शेवट माझे नव्हतेच! मालकांनी चिकटवलेले!"

"बरं. मग हा तरी तुझा ना?"

तिला 'हाही नाही' असंच म्हणावं लागणार होतं. तो कशाला विश्वास ठेवील? ते शब्द तिने गिळले, आणि तोच त्याने होकार मानला. हॅट चढवून तो रस्त्यावरच्या गर्दीत गेला.

आतून "लेखिका! लेखिका!" असा गजर सुरू झाला होता. वेक्सलर धापा टाकत आला.

"बाई, लोक वेडे झालेत! ते वाक्य काढूनच टाकू. हाच शेवट कायम!"

आणि तिच्या दंडाला धरून तो तिला रंगमंचाकडे ओढू लागला.